मेथी, मीटरबॉक्स आणि एक टक्का

"कळलं का गं? नोटीस आली."

"कसली? पाणीपट्टीची?"

"पाणीपट्टीची असती तर एवढं हळू बोलले असते का मी?"

काकू हळू बोलत होत्या, म्हणजे तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जात होतं. दापोडीत हळू बोलायची सवय कुणालाच नाही. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि आता त्याच्या डोक्यावरून मेट्रो. इथे कुजबुजसुद्धा घसा ताणून करावी लागते. त्यात 2019च्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड झालं, तेव्हापासून आमच्या गप्पाही दिवसाआड झाल्या. पाण्याच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात ड्रम भरत असते आणि काकू पलीकडे भाजी निवडत असतात. मध्ये छातीएवढी भिंत. तिच्यावर माझी कोरफड, त्यांची तुळस, आणि दोघींच्या कोपरांनी गुळगुळीत झालेली हातभर जागा.

नोटीस आली होती काकूंच्या भाच्याला. चाकणच्या कंपनीत आहे तो, पहाटे नाशिक फाट्यावरून कंपनीची बस पकडतो. कासारवाडीत भाड्याने राहत होता, दिवाळीच्या पाडव्याला आमच्या इथे स्वतःच्या घरात आला. स्टेशनच्या बाजूची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, वन बीएचके, चाळीस लाख. त्याचे पेढे काकूंनी गल्लीभर वाटले होते. मी दोन खाल्ले होते, तेव्हा या प्रकरणात माझंही तोंड थोडं गोड झालेलं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

नोटीस होती दलालाच्या वकिलाची. चाळीस लाखांवर एक टक्का, म्हणजे चाळीस हजार रुपये, पंधरा दिवसांत द्या, नाहीतर दिवाणी दावा. विकणाऱ्यालाही तशीच एक गेली होती.

"चाळीस हजार! कशाचे गं? चार रविवार स्कूटरवरून फिरवल्याचे? तेवढ्यात माझी काशीयात्रा झाली असती. विमानाने!"

दलाल आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नाव कशाला घ्या. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्याचं एक टेबल आहे. टेबलावर काच, काचेखाली साईबाबा आणि साईबाबांच्या शेजारी महापालिकेच्या विकास आराखड्याचा रंगीत नकाशा. त्याने भाच्याला आणि सूनबाईला सहा फ्लॅट दाखवले. त्यातला एक नदीकडचा होता, गॅलरीत उभं राहिलं की मुळेचं पात्र दिसायचं. सूनबाई तिथेच अडकून बसली होती. तो घेऊ नका, म्हणून दलालानेच सांगितलं. बिल्डिंग निळ्या पूररेषेत आहे, पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरतं. आणखी एका ठिकाणी भोगवटापत्र नव्हतं, बँकेने कर्जाला नाक मुरडलं असतं. तेही त्यानेच सांगितलं. मग सहावा दाखवला आणि म्हणाला, हा घ्या, कागद साफ आहेत. आणि वहिनींच्या एकटीच्या नावाने घ्या, बाईच्या नावाने घेतलं की आपल्याकडे मुद्रांक शुल्क साताऐवजी सहा टक्के पडतं.

"मग घेतला का तिच्या नावाने?" मी विचारलं.

"घेतला की. चाळीस हजार वाचले."

"म्हणजे त्याचं ऐकून चाळीस हजार वाचवले, आणि त्याला न देऊन आणखी चाळीस हजार."

काकूंनी मेथीची जुडी उलटी धरून जोरात झटकली. माती माझ्या कोरफडीवर उडाली.

आता गंमत ऐका, की भाच्याने मालक गाठला कसा. आमच्याकडची दलाल मंडळी या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असतात. मालकाला समोर आणत नाहीत, चावी स्वतःच्या खिशात ठेवतात, बिल्डिंगच्या आत शिरेपर्यंत पत्तासुद्धा नीट सांगत नाहीत. माझ्या दिराचं भोसरीत लहानसं वर्कशॉप आहे, तिकडे जुन्या मशिनच्या धंद्यातही हीच तऱ्हा. तो सांगतो, दलाल लेथचा फोटो पाठवतो तेव्हा नेमप्लेटवर अंगठा असतो आणि मागच्या भिंतीवरचं कंपनीचं नाव कापलेलं असतं. म्हणजे मशिनची सगळी माहिती द्यायची, फक्त ते कुठे उभं आहे तेवढं सोडून. कारण विकायची वस्तू मशिन नसतेच, ते कुठे आहे हीच वस्तू. ती एकदा कळली की ती परत घेता येत नाही. साडी परत करता येते, पत्ता परत करता येत नाही.

पण जिन्याखालचा मीटरबॉक्स कोण झाकणार? तिथे महावितरणची बिलं खोचलेली होती. फ्लॅट नंबर माहीत, बिलावर मालकाचं नाव. भाच्याने उतरता उतरता बुटाची लेस बांधायच्या निमित्ताने वाचून घेतलं. संध्याकाळी एकटाच परत आला, वॉचमनला शंभराची नोट दिली, मालकाचा नंबर मिळाला. मालकाने दलालामार्फत बेचाळीस सांगितले होते, थेट गेल्यावर चाळीसला तयार झाला. दलालाला काय कळवलं, तर सूनबाईला किचन पसंत नाही, ओट्याचं तोंड दक्षिणेला आहे.

"आणि मग दोन महिने गप्प बसले," काकू म्हणाल्या. "म्हटलं, त्याच्या डोक्यातून जाऊ दे."

मला सगळ्यात खटकले ते हे दोन महिने. मीटरबॉक्स मी सोडून दिला असता. उघड्यावरचा कागद, डोळे आहेत, दिसला. पण आपण वावगं काही करत नाही असं ज्याला मनापासून वाटतं, तो विसार द्यायला दोन महिने थांबत नाही. चाळीस लाखांचा फ्लॅट मधल्या मध्ये दुसऱ्याने उचलला असता तर? तेवढी जोखीम त्याने घेतली ती या चाळीस हजारांपायी. भाचा चाकणला क्वालिटीत आहे, हे इथे सांगून टाकते.

"पण काकू, दलालाला कळलं कसं?"

"मेला इंडेक्स टू काढून बसला."

हे आता सोपं झालंय. नोंदणी विभागाच्या साइटवर कुणीही बसल्या जागी बघू शकतो, कुणी विकलं, कुणी घेतलं, केवढ्याला, कोणत्या तारखेला. पूर्वी यासाठी निबंधकाच्या कचेरीत खेटे घालावे लागायचे आणि तिथल्या माणसाला चहा पाजावा लागायचा.

"ते खरं. पण शोधायची बुद्धी त्याला का झाली? त्याच्या लेखी तर किचन नापसंत होतं."

काकू एकदम मेथीच्या काड्यांकडे फार लक्ष देऊन बघायला लागल्या.

"काकू?"

"अगं, झेरॉक्स काढायला गेले होते आधारची. हातात डबा होता. सगळ्या दुकानाला दिला, आणि त्याला एकट्याला वगळायचा का? बरं दिसतं का ते?"

"म्हणजे तुम्ही त्याला पेढा दिलात."

"एकच दिला."

मी हसत सुटले, ड्रम भरून वाहायला लागला. तेवढ्यात लोणावळा लोकल गेली म्हणून बरं, नाहीतर माझं हसणं पार हॅरिस पुलापर्यंत गेलं असतं.

लोकल गेल्यावर मी जरा दमाने घेतलं. म्हटलं, "काकू, ते तळेगावचं स्थळ आठवतं?"

"कुठलं?" त्या म्हणाल्या, पण त्यांना बरोबर कळलं होतं.

त्यांच्या चुलत जावेच्या मुलीसाठी स्थळ त्यांनीच काढलं होतं. कांदेपोहे त्यांच्याच घरात झाले, खोबरं मी खवून दिलं होतं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. काकूंनीही मनावर घेतलं नाही, पत्रिका काय, जुळतेच असं नाही. सहा महिन्यांनी लग्नाची पत्रिका आली, ती मात्र छान जुळलेली होती, सोनेरी अक्षरांत. मांडवात नवरीची आई सगळ्यांना सांगत होती, नेटवर जमलं, आजकाल नेटवरच जमतं. काकूंना ना मानाची साडी, ना कुणी पुढच्या खुर्चीवर बसवलं. याला अकरा वर्षं झाली. अजून रुखवताचा विषय निघाला की काकूंच्या चेहऱ्यावर तो मांडव दिसतो.

"ते वेगळं होतं," काकू म्हणाल्या.

"कसं वेगळं?"

"मी काही मागितलं होतं का?"

"नव्हतं मागितलं. तरी अकरा वर्षं लक्षात आहे."

त्यावर काकू बोलल्या नाहीत. काकू बोलल्या नाहीत ही दापोडीत बातमी होऊ शकते.

तेवढ्यात तिसऱ्या घरातले अण्णा भिंतीशी येऊन उभे. हातात फुलांची परडी, म्हणजे आमच्या जास्वंदीवर डल्ला मारायला आले होते, आणि आमचं सगळं ऐकून मग आले होते. अण्णा शिवाजीनगर कोर्टात एका दिवाणी वकिलांकडे चौतीस वर्षं कारकून होते. वकील झाले नाहीत, पण वकिलांना तारखेच्या सकाळी जे आठवत नाही ते अण्णांना आठवतं.

"नोटीस दाखवा," म्हणाले. काकूंनी ब्लाऊजमध्ये ठेवलेला मोबाइल काढला, त्यावर फोटो होता. अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचला.

"बरी लिहिली आहे," त्यांचा निकाल. "अब्दुल्ला अहमदचा दाखला दिलाय."

"हा कोण आणखी? त्यालाही पैसे द्यायचेत का?" काकूंचा जीव वर.

अण्णांनी परडी भिंतीवर ठेवली. आता ते अर्धा तास हलत नाहीत हे आम्हां दोघींनाही कळलं. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किशन मित्तर. कलकत्त्याची, 1943 सालची गोष्ट. एका गृहस्थाला घर विकायचं होतं, त्याने दलालाला लिहून दिलं. एक लाख पाच हजारांचं गिऱ्हाईक आणलंस तर हजार रुपये तुला. त्याच्यावर एक लाख दहा हजारांपर्यंत जेवढं येईल ते सगळंच तुझं. मुदत एक महिना.

"दलालाने माणसं आणली, एक लाख दहा हजार द्यायला तयार असलेली. त्याचे किती झाले?"

"सहा हजार," मी म्हणाले. ड्रम भरताना माझा हिशेब चांगला चालतो.

"बरोबर. मालकाने काय केलं, दलालाला दिलेला अधिकार रद्द केला, आणि त्याच माणसांच्या माणसाला घर एक लाख पाच हजारांना देऊन टाकलं."

"भाच्यासारखंच की गं हे," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

"दलाल कोर्टात गेला. लढता लढता देश स्वतंत्र झाला, राज्यघटना आली, दिल्लीला सुप्रीम कोर्ट सुरू झालं. त्याच साली, 1950 मध्ये, निकाल लागला. दलालाला पूर्ण सहा हजार द्या. ठरल्या किमतीचं गिऱ्हाईक त्याने आणलं, त्याचं काम संपलं. मालकाने पुढे स्वतःच्या मर्जीने कमी घेतले, तर त्याची झळ दलालाला का?"

मी बोटांवर मोजलं. सरळ मार्गाने गेला असता तर मालकाला एक लाख दहा हजार मिळाले असते, त्यातले सहा हजार दिले असते, हातात एक लाख चार हजार. दलालाला वगळून हातात एक लाख पाच. म्हणजे हजार रुपयांसाठी सगळा खटाटोप. आणि शेवटी सहा हजार द्यावे लागल्यावर उरले नव्याण्णव. खरा फायदा घेणाऱ्याचा, त्याचे पाच हजार वाचले. मालकाला वाटलं असेल आपण दोघं मिळून तिसऱ्याला फसवतोय.

"वर वकिलाची फी वेगळी," मी म्हणाले.

"फी वेगळी कधीच नसते. फी आधी असते," अण्णा म्हणाले.

काकू सावरल्या होत्या. "पण अण्णा, त्याच्याकडे लिहून दिलेला कागद होता. ह्याच्याकडे काय आहे? साईबाबा?"

खरं तर बोलण्यातला सगळ्यात नेमका प्रश्न हाच, आणि तो काकूंनी विचारला. अण्णांनीही मान डोलावली. अब्दुल्ला अहमद जिंकला तो त्या चिठ्ठीवर. कायद्याला तोंडी करारही चालतो, पण तोंडी कराराला साक्षीदार लागतो, आणि आमच्याकडे साक्षीदार म्हणजे ज्याने चहा पाजला त्याचा. दापोडी काय, पिंपरी काय, चाकण काय, दलालीचे व्यवहार अजूनही "बघू शेवटी" या दोन शब्दांवर चालतात. शेवटी कुणीच बघत नाही.

पण अण्णांनी फोटो बोटांनी मोठा केला. नोटिशीच्या शेवटच्या पानावर व्हॉट्सॲपचा एक संदेश छापला होता, भाच्याचाच. दादा, ब्रोकरेज एक टक्का फायनल ना? त्याखाली दलालाचा अंगठा.

"संपलं," अण्णा म्हणाले.

काकूंनी भाच्याला दिलेली पुढची दोन विशेषणं इथे लिहीत नाही.

तरी त्यांनी हार मानली नव्हती. मध्येच डोळे चमकले. "अण्णा, त्याच्याकडे तो रेराचा नंबर तरी आहे का? टीव्हीवर सांगतात, नंबर नसलेल्या एजंटाकडे जाऊ नका. परीक्षा द्यावी लागते म्हणे आता. ह्याने दहावी तरी केली असेल का, देव जाणे. नंबर नाही तर पैसे नाहीत!"

अण्णांनी हसून मान हलवली. 2016चा तो रेराचा कायदा बिल्डरच्या नोंदणी केलेल्या स्कीममधल्या विक्रीला लागतो. तिथे एजंट बिननोंदणीचा सापडला तर दिवसाला दहा हजार दंड आहे. पण भाच्याचा फ्लॅट पंचवीस वर्षांचा, दुसऱ्या हातचा. तिथे तो कायदा नाही, तिथे आपला जुना 1872चा करार कायदा.

"इंग्रजांचा?"

"इंग्रजांचा. आणि त्यात दलालाच्या विरुद्धही पुष्कळ आहे," असं म्हणून अण्णांनी मग दुसरी बाजू काढली, आणि ती मला पहिल्यापेक्षा जास्त पटली. त्या कायद्याचं कलम 219 असं आहे, की वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. इथली निम्मी मंडळी समजतात, की दार उघडून दाखवलं म्हणजे काम झालं. अण्णांच्या वकिलांकडे एक खटला आला होता. दलालाने जमीन एकदा गाडीतून दाखवली, तीही रस्त्यावरून, काच खाली करून. चार वर्षांनी तीच जमीन त्या माणसाने वाटणीतल्या भावाकडून घेतली, तर हा हजर. दाखवली मी होती! तो हरला. दाखवणं आणि जमवणं यांत फरक आहे. व्यवहार घडला तो कुणामुळे घडला, हे कोर्ट शोधतं. मध्ये दुसऱ्याच कुणी बोलणी नव्याने घडवून आणली, तर पहिल्याला काही मिळत नाही. लंडनला तर 1941 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एका दलालाला चक्क रिकाम्या हाताने पाठवलं. दोन सिनेमागृहं विकायची होती, दहा हजार पौंड दलाली ठरली होती, पण व्यवहार पुरा झाल्यावर. गिऱ्हाईक तयार, मालकच विकायचा थांबला. नाही विकलं, तर दलाली नाही.

"आणि लबाडी केली तर?" मी विचारलं. कारण दलालांचीही पुण्याई आम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडून टक्का घ्यायचा आणि एकाला दुसऱ्याचं सांगायचं नाही. मालक चाळीस म्हणाला असेल तर गिऱ्हाइकाला बेचाळीस सांगायचे आणि मधली मलई खाऊन टाकायची. चाकणला कंपन्या यायला लागल्या तेव्हा असे किती जण सातबारा खिशात घेऊन फिरायचे. शेतकऱ्याला वेगळा भाव, कंपनीला वेगळा. शेतकऱ्याच्या पोराला गुंठामंत्री म्हणून सगळ्यांनी हिणवलं, पण मधल्याच्या गळ्यातली साखळी कुणी मोजली नाही.

"काम करताना लबाडी केली तर त्या कामाचा मोबदला जातो. कलम 220," अण्णा म्हणाले. "भाच्याला विचारा, ते बेचाळीस मालकाने सांगितले होते की दलालाने वाढवले?"

काकूंनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत, उचलला नाही. (दुपारी कळलं, बेचाळीस मालकानेच सांगितले होते. ती वाट बंद झाली.)

हे सगळं ऐकताना मला आमच्या बापूंचा बैल आठवत होता. माझं माहेर खेड तालुक्यातलं. शनिवारी चाकणच्या बाजारात बैलांचे सौदे व्हायचे, रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. भाव फक्त दोघांना कळायचा, आणि हात धरून देणारा दलाल. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. बापूंना एक खिलार आवडला, दलालाने बोटं जुळवली, पण सौदा थोडक्यात अडला. बापूंनी बैलवाल्याला गाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट त्याच्या गोठ्यात. बैल आला. आई खूश. दलाल भांडायला आला नाही, नोटीस तर तेव्हा कुणाला ठाऊक. पुढच्या वर्षी जोडीला दुसरा बैल घ्यायला बापू बाजारात गेले, तर त्यांच्या रुमालाखाली कुणी हातच घालेना. ज्याच्याकडे जावं तो म्हणे, तुम्हाला काय पाटील, तुम्ही गोठ्यात जाऊन घेता. बापूंना शेवटी मंचरच्या बाजारातून बैल आणावा लागला, आणि तो मारका निघाला.

ही गोष्ट मी सांगितली तर काकू म्हणाल्या, "बघ, म्हणजे तुझं खानदानच तसलं." बरोबरच होतं. आणि खानदानावरून आठवलं ते मी आधी सांगणार नव्हते, पण अण्णांच्या समोर लपत नाही.

आमच्या वर एक खोली आहे, जिना बाहेरून. ती भाड्याने देतो. मागच्या खेपेला भाडेकरू याच दलालाने आणला होता, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात शिकाऊ असलेला एक मुलगा, अगदी गरीब गाय. दलालाला एका महिन्याचं भाडं दिलं, तक्रार नाही. अकरा महिन्यांनी करार संपला. इथली पद्धत अशी की नूतनीकरणालाही दलाल अर्धं भाडं मागतो. आमच्या ह्यांनी, आयुष्य एसटी वर्कशॉपमध्ये नटबोल्ट मोजण्यात गेलेल्या माणसाने, मुलाला बसवलं आणि म्हणाले, आपण आपलंच ऑनलाइन करू. केलं. दलालाला कळलं, तो दारात आला, आणि हे त्याच्याशी जे बोलले ते मला आवडलं नाही. दोन वर्षं झाली, तो रस्त्यात दिसला की मी भाजीच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागते.

अण्णा म्हणाले, "नूतनीकरणाचं वेगळं आहे. करारात लिहिलेलं नसेल तर दुसऱ्या वेळी त्याने काही केलेलं नाही, मग कशाचे मागतो?"

माझंही मत तेच आहे. भाडेकरू एकदा आणला, त्याचे एकदा पैसे. माणूस आणला म्हणजे त्याच्यावर वर्षासन लागत नाही. या मुद्द्यावर मी कुठल्याही दलालाशी भांडायला तयार आहे. पण हे त्याला नीट बसवून चहा देऊन सांगता आलं असतं, आणि ते आम्ही केलं नाही.

"मग भाच्याने काय करायचं, अण्णा? खरं सांगा," काकूंनी शेवटी विचारलं. आवाज खरोखरच हळू होता. तिसऱ्या घरात गेला नसता.

"चाळीस हजारांच्या दाव्यात तो जिंकेल की नाही, मी सांगू शकत नाही. तीन वर्षांची मुदत आहे त्याच्याकडे, घाई नाही. तारखा पडत राहतील. भाच्याला प्रत्येक तारखेला एक रजा. चाकणहून शिवाजीनगर. त्याचा रोज किती आहे?" अण्णांनी परडी उचलली. "बोलावून घ्या त्याला घरी. आणि विकणाऱ्यालाही."

विकणारा आला नाही. मी दलाल नेमलाच नव्हता, चावी वॉचमनकडे होती, त्याने कुणाकुणाला दिली मला काय ठाऊक, असं त्याचं फोनवर म्हणणं. त्याच्यावरची नोटीस अजून तशीच आहे.

भाचा मात्र पुढच्या रविवारी काकूंकडे आला, दलालही आला. मी भिंतीशी नव्हते, मी आत गेले होते, चहा करायला माणूस लागतोच. पहिली दहा मिनिटं दोघंही मेट्रोच्या गर्दीबद्दल बोलले. मग दलाल म्हणाला, पैशाचं राहू द्या, तुम्ही मला ओट्याचं तोंड सांगितलंत ना, ते मी घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं, की या पोरांचं मन मोडलं, आता पूर्वेच्या ओट्याचा शोधतो. आणि त्या दोन महिन्यांत त्याने खरंच तीन बघून ठेवले होते. सूनबाई चहाचा कप घेऊन आत निघून गेली.

चाळीसाचे तीस ठरले. पंधरा तिथेच मोबाइलवरून, पंधरा पगारानंतर. दलालाने वहीतून पान फाडून पावती दिली, अण्णांनी त्यावर तारीख घालायला लावली आणि खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली. काकूंनी पेढ्यांचं नाव काढलं नाही, चिवडा दिला.

निघताना तो आमच्या जिन्यावरून जात होता. मी म्हटलं, दादा, जरा थांबा.

तर सांगायचं काय, आमच्या वरची खोली या महिनाअखेरीला रिकामी होतेय, कारखान्यातल्या त्या मुलाचं लग्न ठरलं. जिना स्वतंत्र, पाणी दिवसाआड, दापोडी मेट्रो स्टेशन चालत सात मिनिटं. चावी त्याच्याकडे दिली आहे. कुणाला हवी असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. माझ्याकडे येऊ नका, आणि कृपा करून मीटरबॉक्समध्ये बघू नका.